वामनराव म्हणाले, दोन

उद्या परीक्षा केंद्राची तपासणी, आणि नीलिमाच्या टायपिंग क्लासमधल्या दाराजवळच्या संगणकावर कोपऱ्यात अजून तीच ओळ: विंडोज सक्रिय करा. वामनराव सकाळपासून कितीदा तरी ती ओळ पाहून आले होते. पाहिल्याने ती जाणार नाही हे त्यांनाही कळत होतं, पण पायाला भिंगरी असलेल्या माणसाला कळून उपयोग काय? दारापर्यंत जायचं, मुलींनी बाहेर काढलेल्या चपला मोजायच्या, परत येऊन ओळ पाहायची. "मामाजी, बसा ना जी एका जागी," असं सुनेने म्हटलं की बसायचे, आणि लगेच पाणी प्यायला उठायचे.

सून म्हणजे नीलिमा. भद्रावतीतला हा क्लास तिने स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली तिच्याकडे शिकायला येतात, पण परीक्षेसाठी चंद्रपूरला जावं लागतं, आणि तिथवर पाठवायला घरचे राजी नसतात. बोटं सरसर चालणाऱ्या मुली परीक्षेवाचून घरी बसतात. नीलिमाचा या गोष्टीने जीव जळायचा, म्हणून तिने केंद्र इथेच मागितलं होतं. त्याची एक अट होती: क्लासमधली प्रत्येक विंडोज अस्सल हवी. तशी ती होतीही. पण परवा वीज कडाडली आणि या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. चंद्रपूरच्या संगणक दुरुस्त करणाऱ्या गुलाबने नवा बसवून दिला, तर विंडोज घरच्याच माणसाला ओळख दाखवेना. तिच्या लेखी मदरबोर्ड बदलला म्हणजे संगणकच बदलला.

"क्रॅक मारून देतो ना, कोनाले समजते?" गुलाब म्हणाला होता. नीलिमाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपली पिशवी उचलून चालता झाला.

मग राहिला कंपनीला फोन. खरेदी वामनरावांच्या नावाची होती, त्यांनी निवृत्त होताना सुनेला दिलेली ती भेट. म्हणून फोनही त्यांनीच करायचा ठरला. काम मिळालं म्हणून म्हातारा खुशीत होता. यंत्राचा आवाज सांगेल तसे पडद्यावरचे आकडे त्यांनी चष्मा सावरत दाबले. शेवटी आवाजाने विचारलं, ही विंडोज किती संगणकांवर टाकली आहे? वामनराव जरा थबकले, आणि त्यांनी दोनचं बटण दाबलं.

झालं. मंजुरी देता येत नाही म्हणे. माणसाशी जोडून देतो, थांबा, असं सांगून आवाजाने वाजंत्री लावून दिली.

"दोन काऊन दाबले जी तुमी?" नीलिमाने कपाळावर हात मारला.

"एक जुन्या बोर्डावर, एक नव्यावर. दोनच झाले ना?"

"जुना जळला ना पन."

"जळला, मानलं. पन त्याच्यावर टाकली होती ते परत कुठी आली? परत येत नाई तवरीक मोजा लागते."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशांसाठीच. वामनरावांची सारी नोकरी एका भूमिगत कोळसा खाणीच्या दिव्याच्या खोलीत गेली. खाली उतरणाऱ्याला टोपीवरचा दिवा द्यायचा, त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात ठेवायचा. तो वर आला की बिल्ला घेऊन पुन्हा टांगायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस खाली. मग साहेब का सांगेना की तो मघाच घरी गेला. एकदा एक पठ्ठ्या बिल्ला खिशात घालून घरी जेवायला बसला, तर वामनरावांनी त्याला भरल्या ताटावरून उठवून आणलं होतं. लोक त्यांना शिव्या घालत, आणि उतरताना त्यांच्याच भरवशावर उतरत.

त्यांचा एक खिळा मात्र रिकामाच राहिला. तो लटारूचा. लटारू त्यांचा जिवाचा दोस्त, आणि नीलिमाचा बाप. ती शाळेत होती तेव्हा खाणीत छत कोसळलं. लटारूला खाणीच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर काढलं, थेट दवाखान्यात नेलं, आणि तिथून घरी आणलं ते झाकूनच. दिव्याच्या खोलीसमोरून तो गेलाच नाही, बिल्ला दगडाखाली राहिला. वामनरावांनी अंत्ययात्रेत खांदा दिला, पुढे दोस्ताची पोर सून करून घरी आणली, पण त्या खिळ्यावर दुसऱ्या कोणाचा बिल्ला टांगू दिला नाही. पाळी सुटली, सगळे खिळे भरले, की पुटपुटायचे, "एक खाली." निवृत्त होईपर्यंत हे चाललं. नीलिमाने ते लोकांकडून ऐकलं होतं. घरात त्यावर कोणी कधी बोललं नव्हतं.

वाजंत्री थांबली. फोनवर एक बाई आली, हिंदीत बोलणारी, शांत आवाजाची. तिने नाव विचारलं, खरेदीची खातरजमा केली आणि म्हणाली, "सर, यह कितने कम्प्यूटर पर है? दो पर है तो मैं मंजूर नहीं कर पाऊँगी."

वामनराव उठून उभे राहिले. एक म्हणायचं होतं, एवढंच. उद्याची तपासणी त्या एका शब्दावर अडली होती, मुलींची परीक्षा अडली होती, आणि त्यांची जीभ उचलत नव्हती. ते खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"सर?"

नीलिमाने फोनवर हात ठेवला. तिचा आवाज अगदी हळू होता.

"मामाजी, माहे बाबा वर आले होते. मी पाह्यलं त्यायले. आईनं तोंड पुसलं, कानातला कोळसा मी काढला. मले तवाच समजलं, का ते गेले. तुमी अजून त्यायले खालीच ठेवून राह्यले."

वामनराव तिच्याकडे पाहत राहिले. आपण दोस्ताची राखण करतो आहोत असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. ही पोर याच घरात जेवत होती, वावरत होती, आणि तिच्या बापाला आपण अंधारातून वर येऊ दिलं नाही, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त दुःख झालं.

नीलिमाने हात काढला.

"एक," ते पुटपुटले.

"सर, आवाज नहीं आई. फिर से बोलिए."

दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा जड गेलं.

"एकच हाय, बाई. दुसरा गेला."

एवढं बोलले, आणि एका अनोळखी बाईच्या कानावर त्यांना रडू कोसळलं. मग तिने मंजुरीचे आकडे सांगायला सुरुवात केली, आणि नीलिमाने डोळे पुसून कीबोर्ड जवळ ओढला.