पाणकणसातली बेचाळीस घरटी

तळ्यावरच्या राखणदाराला माणसांचा मनापासून तिटकारा होता आणि तो लपवायची तसदी त्यानं कधी घेतली नाही. सहलीला येणारे म्हणजे पिशव्या टाकायला आलेले दोन पायांचे प्राणी. साहेब म्हणजे खुर्ची झिजवायचा पगार घेणारा. आणि कॅमेरेवाले? त्यांचं नाव काढलं की हा आधी थुंकायचा, मग बोलायचा. "एवढी तोफ गळ्यात, आणि पाणकावळा कुठला, टिबुकली कुठली हे कळत नाही लेकांना!"

"तुम्हाला तरी कुठे माणसं कळतात?" बायको म्हणायची. तिच्यापुढे मात्र त्याचं काही चालत नसे.

पण कामाला तो पक्का. तळ्याचे चार भाग, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होडी काढून चारही भागांतली मोजणी, आणि पंपघरामागच्या खोलीत बसून वहीत नोंद. बदकांचा थवा तो दहा-दहाचे घास करून मोजायचा. दुर्बिणीच्या एका भिंगाला तडा गेला होता, तरी त्याचा आकडा कधी चुकला नाही.

एक रकाना सोडून. उत्तरेच्या काठाला पाणकणीस माजलं होतं, माणसाच्या डोक्याच्या वर. अकरा वर्षांपूर्वी त्यानं तिथली नोंद प्रामाणिकपणे केली होती: जांभळे बगळे, एकवीस घरटी. चौथ्या दिवशी कॅमेरेवाले हजर! साहेबानंच मोठेपणा मिरवायला सांगितलं असणार. दिवसभर ते कणसं वाकवून, मोडून आत ठाण मांडून बसले. बगळे वर घिरट्या घालत राहिले आणि खाली उन्हात अंडी भाजली. एकवीसमधली एकोणीस घरटी वाया. वास मारणारी अंडी ह्यानंच पाटीत गोळा केली, शिव्या देत, रडत.

त्या महिन्यापासून त्या रकान्यात एकच शब्द पडू लागला: निरंक. महिन्यामागून महिने, अकरा वर्षं. कचेरीत त्याला निरंकदादा म्हणू लागले, तर ह्याला उलट गुदगुल्या व्हायच्या. हसा लेको! आत घरटी चाळिसाच्या वर गेली होती, पाणमांजरीनं पिल्लं घातली होती, आणि जगात ते ठाऊक होतं दोघांनाच, त्याला आणि बायकोला.

मग एक दिवस कचेरीतून पत्र आलं. उत्तरेच्या काठावर फिरायला फरसबंद वाट आणि बाकडी होणार, त्यासाठी आठ दिवसांत पाणकणीस कापणार. कारणही दिलं होतं: गेल्या अकरा वर्षांच्या नोंदींनुसार सदर भागात एकही घरटं नाही. खाली पुरावा म्हणून त्याच्याच वहीच्या नकला, त्याच्याच सहीसकट.

त्यानं पत्र तीनदा वाचलं.

"साहेब, त्या नोंदी खोट्या आहेत," तो कचेरीत जाऊन म्हणाला.

"सही कुणाची?"

"माझीच."

"मग अकरा वर्षं खोटं बोललास, का आज बोलतोयस?" साहेबानं मान वर न करता विचारलं. "घरटी असतील तर दाखव. वाट मंजूर करणाऱ्या समितीला डोळ्यांनी बघू दे, मग थांबवतो काम."

"एकच माणूस पाठवा. माझ्या होडीतून, गुपचूप नेतो."

"बघू," साहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काठावर अठ्ठावीस माणसं उतरली. समिती होती, समितीचे पाहुणे होते, आणि गळ्यात तोफा घालून तेच ते दीडशहाणे. राखणदाराच्या मनात आलं, होडी काठावर उपडी टाकून घरी जावं. पण मग पाणकणीस कापायला यंत्र येणार होतं. दात-ओठ खात त्यानं त्यांना स्वतः आत नेलं, जिथं अकरा वर्षं त्यानं वाऱ्याशिवाय कुणाला जाऊ दिलं नव्हतं.

"हळू बोला," तो सांगत होता. कोण ऐकतं! घरटी कणसांत दिसेनात, तेव्हा साहेबानं टाळ्या पिटल्या. बगळे भर्रकन उठले आणि बगळा उठला तिथं घरटं, असं साहेब खुशीत मोजू लागला. बेचाळीस! लोकांनी त्याचं कौतुक केलं. तास-दीड तास बगळे खाली उतरले नाहीत. कावळ्यांना मात्र कुणाची भीती नव्हती. त्यांनी एकेक घरटं निवांत साफ केलं, आणि त्याचेही फोटो निघाले.

वाट रद्द झाली. साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काठावर पाटी लावली: 'येथे जांभळ्या बगळ्यांची बेचाळीस घरटी आहेत. शांतता राखा.' खाली लाल बाणही काढला, म्हणजे कुणी चुकायला नको. बाण बघून रोज माणसं येऊ लागली.

पुढचा पहिला सोमवार आला. तो एकटाच होडी घेऊन आत गेला. घरट्यांत टरफलं होती. बगळा एक नाही. पाणमांजरीच्या बिळाच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं.

खोलीत येऊन त्यानं वही उघडली. खरं लिहिलं तर साहेबाला वाट पुन्हा आठवणार, आणि पाणकणीसच उरलं नाही तर पुढच्या वर्षी बगळे उतरणार कुठे? त्याला सगळ्यांची घाण वाटली, आणि आज त्या सगळ्यांत तो स्वतःही होता. मग त्यानं लिहिलं आणि सही केली.

बायको दारात उभी होती. "किती लिहिलंत?"

"बेचाळीस."

"आणि आहेत किती?"

त्यानं वही मिटली. "निरंक," तो म्हणाला.