तुडवलेला कापूस

त्या संध्याकाळी मी बोऱ्यात उभा राहून कापूस तुडवत होतो आणि बायको वरून मुठीमुठीने टाकत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

कापसाला सोन्याचा भाव आला होता, ती वर्षं. अमरावतीच्या बाजारात मी कापूस तुडवायचो. लाकडाच्या चौकटीला मोठा बोरा टांगायचा, माणसाने आत उतरायचं, वरून कापूस पडत राहील तसा पायांनी दाबत दाबत वर यायचं. बोरा दगडासारखा झाला की गाडीवर, आणि गाडी अकोल्याकडे. सगळं पायांचं काम. पावसाळ्याच्या तोंडी असाच एक भरलेला बोरा गाडीवरून घसरला, तो माझ्याच पायावर.

हाड बसवणाऱ्या चाचांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा पाय काठीसारखा ताठ. चाचा म्हणाले, "हड्डी जुडली. आता रोज हलवला नाही तं असाच राहीन." दिवाळीनंतर नवा कापूस येणार होता. तोवर गुडघा वाकला नाही तर मला कामावर कोण घेणार? हे कळत होतं. तरी खाटेवरून उठायचं मन होत नव्हतं. दुखायचं. उद्या करू म्हणायचो आणि कूस बदलायचो.

ती भांडली नाही. तिने माझ्या अंगाखालची गादी ओढून घेतली, उसवली, सगळा कापूस काढला आणि एक फाटका बोरा घरातल्या आढ्याला टांगला.

मी ओरडलो, "मी निजू कायच्यावर वं?"

"दिवसा निजाले गादी कायले लागते? उठा. कापूस मोकळा करून ठेवला, आता तो का मी तुडवू?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिच्या खांद्यावर हात टेकून बोऱ्यात उतरायचो. सकाळी ती तोच कापूस उपसून, बोटांनी मोकळा करून ठेवायची. संध्याकाळी पुन्हा तोच. शेजारची वहिनी दारातून विचारायची, "काहून वं, नवऱ्याले पोत्यात भरून इकून राहिली काय?"

"गिऱ्हाईक तं आन. लंगडा हाय, सस्त्यात देतो!" ती आतून म्हणायची.

त्या संध्याकाळी गुडघा जरा जास्त वाकला. तिने पाहिलं, पण म्हणाली एवढंच, "उतरा आता. भाकर थंडी होऊन राहिली."

पहाटे तिला ओकाऱ्या आणि जुलाब लागले. गावात पटकी होतीच. दुपारी संपलं. बाया म्हणाल्या, कुंकवानिशी गेली, भाग्याची होती. असेल. तिच्यापुढे मडकं धरून चालायचं, तेही मी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा बोरा तसाच टांगलेला होता. आतला कापूस उपसलेला नव्हता. उपसणारी नव्हती.

पडून राहावंसं वाटलं. कोण बोलणार होतं? पण पाय पुन्हा ताठ झाला होता.

उठलो. बोऱ्यात हात घातला. कापूस चकत्यांसारखा थराथराने निघाला. तिची एक मूठ, एक चकती. मी दाबलेली. मोकळी करायला बोटं धजत नव्हती. मग केली. एकेक करून सगळ्या केल्या.

वहिनी माझ्यासाठी भाकर घेऊन आली, कारण सुतकात घरची चूल बंद. तिने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "भाऊजी, आज तरी राहू द्या."

"आज राहिलं तं राहिलंच," मी म्हणालो.

आधाराला खांब धरला आणि बोऱ्यात उतरलो. वरून टाकायला कुणी नव्हतं, म्हणून कापूस आधीच हाताशी, खाटेवर ठेवला होता. एक मूठ घेऊन पायाखाली टाकली आणि दुखरा पाय आधी उचलला.