मधल्या वर्षांतले हात

नागपूर स्टेशनवर मला सोडायला घरची सगळी माणसे आली होती. आधी दिल्लीची गाडी, तिथून विमान, आणि पुढे फ्लॉरेन्स. जुन्या भित्तिचित्रांच्या दुरुस्तीचे शिक्षण घेण्यासाठी मला तिथे जागा मिळाली होती. बाबांनी आयुष्यभर नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत हातमागावर लुगडी विणली. फलाटावर ते माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मला नेमके ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "भिंतीच रंगवाच्या होत्या, तं इथं काय भिंती नव्हत्या काय?" दादा हसला. नुकत्याच लग्न होऊन उमरेडहून आलेल्या वहिनी पदर सावरत सर्वांच्या मागे उभ्या होत्या. त्या महिन्यात आमच्या घरात दोन स्थलांतरे झाली. निरोप एकालाच मिळाला.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. परदेशात संशय हाच माझा व्यवसाय झाला. आमच्या बॉतेगात, म्हणजे कार्यशाळेत, पहिला धडा हाच असतो. एखाद्या संताचा गाल फारच गुलाबी दिसला तर हात जोडू नयेत. हा रंग मागाहून कोणी भरला, ते आधी विचारावे. ज्या शहरात मी राहतो त्याचा सारा अभिमान एका शब्दावर उभा आहे: रिनाशिमेंतो, पुनर्जन्म. ग्रीक आणि रोमन विद्या मेली होती, मधली हजार वर्षे अंधारात गेली, आणि मग आमच्या पूर्वजांनी तिला पुन्हा उठवले, असे तिथला शाळकरी मुलगाही सांगतो. प्रथम मी या कथेपुढे नम्र झालो. पुढे तिच्याकडेही भिंग लावून पाहू लागलो.

कारण असे की, ज्या प्राचीन पोथ्या 'सापडल्या' म्हणून या पुनर्जन्माच्या काळातल्या विद्वानांनी उत्सव केला, त्या बहुतेक त्याच अंधाऱ्या म्हटल्या गेलेल्या शतकांत मठांतल्या भिक्षूंनी नकलून ठेवल्या होत्या. इतकेच नव्हे, तर त्या पोथ्यांतले स्वच्छ, वाटोळे अक्षर विद्वानांना रोमन काळचेच वाटले. त्यांनी ते भक्तिभावाने गिरवले. ते अक्षर भिक्षूंचे होते. ज्यांना अडाणी ठरवले, त्यांचाच हात हे लोक प्राचीनांचा म्हणून गिरवत होते. एखादी गोष्ट पुन्हा उठवायची, तर ती मेली होती असे आधी कोणीतरी जाहीर करावे लागते; आणि ते जाहीर करणारा क्वचितच तिथे राहिलेला असतो.

हे मी तिथल्या विद्यार्थ्यांना मोठ्या ठामपणे शिकवतो. मात्र जेवणाच्या टेबलावर कोणी घराविषयी विचारले की माझ्या तोंडी एकच वाक्य असे: "आमच्याकडे विणकर होते." होते. बाबा गेले, दादाने मौद्याला नोकरी धरली, महाल सुटून नंदनवन वस्तीत घर झाले. मी मनातल्या मनात माग बंद करून टाकला. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना ही सोय ओळखीची असेल. मागे काही उरले नाही असे ठरवले की परतण्याचा प्रश्न उरत नाही.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात दादाचा फोन आला तेव्हा मी सावध झालो. निवृत्तीनंतर त्याने 'आपल्या काठाच्या लुगड्याचे पुनरुज्जीवन' हाती घेतले होते. सभागृह ठरले होते, पाहुणे ठरले होते. इटलीत जे घडले तेच नागपुरात घडते आहे, एवढे मी व्यासपीठावरून सांगायचे होते.

घरी पोहोचलो तर पुढच्या खोलीत माग मांडलेला. अर्धे विणलेले कापड, दिवे, भिंतीवर बाबांचा मोठा फोटो, कोपऱ्यात विक्रीच्या लुगड्यांचा गठ्ठा. मी वाकून पाहिले. पायांनी दाबायच्या पट्ट्यांवर धुळीचा जाड थर होता. मग ही लुगडी कुठून येत होती? यंत्रावरचा माल आणून बाबांच्या नावाने खपवला जातो आहे, आणि त्यावर इटलीची मोहोर उमटवायला मला बोलावले आहे, अशी माझी खात्रीच झाली. दुपारी सारे आडवे झाले असताना मी गठ्ठ्यातले एक लुगडे काढले आणि खिशातले भिंग लावले.

कापड हाताचेच होते. काही अंतरावर वीण किंचित सैल व्हायची आणि पुन्हा घट्ट. विणणारे माणूस उठले, चुलीकडे गेले, परत येऊन बसले, की असे होते.

"काहून भाऊजी, चोरीचा माल आहे काय?" दारात वहिनी उभ्या होत्या.

मी ओशाळून विचारले, हे कोणी विणले?

"मी नाही तं कोण? तुमचे दादा? त्याइले धागा जोडता येत नाही."

मागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांचा माग होता. बाबांच्या हाताखाली शिकून, ते गेल्यावरही, मुलांच्या शाळा आणि माझ्या आईचे आजारपण सांभाळून त्या विणतच होत्या. दर भेटीत त्या मागाची खटखट मी ऐकली होती. शेजारी कोणी सुतार असावा, असे मी धरून चाललो होतो. की विचारायचेच नव्हते?

दादाला पुढच्या मागाविषयी विचारले. तो शांतपणे म्हणाला, "तो दाखवाचा आहे. चालू आहे म्हटलं तं कुत्रं येत नाही गा. मेलं होतं, आता उठलं म्हटलं, का फोटो काढाले रांग लागते. तू फक्त तेवढं म्हण."

दादा लबाड नव्हता. लोकांना काय लागते, हे त्याने ओळखले होते. पण ते एक वाक्य मी उच्चारले असते, तर वहिनींची सगळी वर्षे मी अंधारात ढकलली असती.

सभागृहात मी भिक्षूंच्या अक्षरांची गोष्ट सांगितली. मग म्हणालो की हे लुगडे मेले नव्हते, म्हणून ते कोणी उठवलेले नाही. आणि विणणारीचे नाव घेतले. टाळ्या झाल्या, त्याही जरा उशिराने. दादा परतीच्या वाटेवर एवढेच बोलला, "एक शब्द बोलाले तुझं काय जात होतं?" वहिनी म्हणाल्या, "नाव काहून घेतलं, भाऊजी? आता साऱ्या गिऱ्हाइकांचे तगादे मलेच."

तेव्हापासून मला माझ्या खरेपणाचाही संशय येतो. मीही बाहेरून आलो, एका दुपारी काहीतरी शोधून काढले, आणि व्यासपीठावरून जाहीर केले. ज्यांना मी नावे ठेवतो त्या विद्वानांनी याहून वेगळे काय केले होते?

निघण्याच्या दिवशी दादा आतल्या खोलीत पेपर वाचत राहिला. मी बॅग घेऊन शेडपाशी गेलो. वहिनी लुगड्याचा काठ विणत होत्या; आडवा धागा नेणारा धोटा मध्येच थांबवता येत नव्हता. मान वर न करता त्या म्हणाल्या, "निघताना फाटक लावून घेजा, गाय शिरते."

मी फाटकाची कडी लावली आणि रिक्षा येईपर्यंत बाहेर उभा राहिलो. आत खटखट चालूच होती. माझ्या जाण्याने ती क्षणभरही अडली नाही, आणि पहिल्यांदाच मला वाटले की माझे घर आहे. होते, असे नव्हे.