माशांचा आवाज

तुंगार्लीत आमच्या भिंतीपलीकडे राहणारे आबा प्रत्येकाला सल्ला विचारत आणि शेवटी स्वतःच्याच मनाचं करत. माशांच्या काचेच्या टाकीला फिल्टर घ्यायचा होता, तेव्हा त्यांनी आठवडाभर माझं डोकं खाल्लं. मी निक्षून सांगितलं, टाकीबाहेर टांगायचा घ्या, त्याचा आवाज होत नाही. “बराबर हाय, भाऊ,” म्हणाले, आणि मुंबईहून पाण्यात बुडवून ठेवायचा घेऊन आले. तो दिवसभर गुडगुडायचा. भिंत पातळ होती आणि मी चरफडत होतो.

एका दुपारी जाब विचारायलाच गेलो. मी तोंड उघडणार, तोच वीज गेली आणि गुडगुड थांबली.

आतल्या खोलीतून त्यांच्या बायकोने विचारलं, “आवो, मासं गप का झालं?” बाईंची नजर पार गेलेली होती.

“डुलकी लागली जनू. थांब, उठवतो.”

आबांनी फिल्टरची हवेची रबरी नळी सोडवून तोंडात धरली आणि गाल फुगवून टाकीत बुडबुडे सोडू लागले. मला डोळ्यांनीच बसायला खुणावलं.

वीज येईना. आबांना दम लागला, तसा मी नळीसाठी हात पुढे केला.