तेराव्याच्या दिवशीचा पखवाज

तेराव्याच्या जेवणाआधी टाळ्या वाजलेल्या मी आयुष्यात एकाच घरी ऐकल्या, आणि त्या टाळ्या मला पडल्या होत्या.

बेळगावला लागून असलेल्या शहापुरातली आमची गल्ली विणकरांची. दिवसभर मागावर बसायचं आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी देवळात भजनाला जायचं, असा माझ्या पंचविशीतला क्रम. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ-दहा वर्षं होती. मी पखवाज वाजवायचो आणि गायचे ते आप्पा. नात्यानं ते माझे कोणी नव्हते, पण सगळी गल्लीच त्यांना आप्पा म्हणायची. साठी उलटलेली, साड्यांसाठी सूत ताणून ताणून पाठीला बाक आलेला. आवाज काही मोठा नव्हता. पण शब्द असा सावकाश ठेवायचे की रोजचाच अभंग आज पहिल्यांदा कळला असं वाटावं.

पखवाज मला जवळच्या कंग्राळी गावच्या एका शेतकरी बुवांनी शिकवला. दीड वर्ष त्यांनी साध्या भजनी ठेक्याखेरीज काही हाताला लागू दिलं नाही. "गानारा दम घ्यायला थांबला की तितं बोटं चालवायची न्हाईत," म्हणायचे. मला तो म्हाताऱ्याचा कद्रूपणा वाटायचा. मग बेळगावात एका नाटक कंपनीचा मुक्काम पडला. तिच्या पखवाजवाल्याच्या मागे लागून दोन महिन्यांत मी भराभर बोल उचलले. हात तयार झाला आणि त्या हाताला चैन पडेना. मांडीवर, मागाच्या लाकडावर, ताटाच्या कडेवर बोटं चालूच. बायको म्हणायची, "भाकरी तरी गप खावा की."

त्या पावसाळ्यात आप्पांची बायको हिवतापानं गेली. तेराव्याला सकाळी त्यांच्या घरी भजन ठरलं. आप्पा स्वतः गाणार होते. शेवटच्या दिवसांत तिनं तेवढं एक मागितलं होतं.

मला मात्र वेगळीच खबर लागली होती. निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी, आप्पांच्या साडूच्या ओळखीचा, त्या दिवशी येणार होता. त्याच्याकडे दर पौर्णिमेला मोठं भजन व्हायचं आणि तो चांगल्या पखवाजवाल्याच्या शोधात होता.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा आवाज खोल येतो. मी आप्पांच्या मुलीकडे कणीक मागितली. ती सासरहून आली होती. डोळे सुजलेले, चुलीपुढे घामाघूम झालेली. तिनं गोळा आणून दिला. मी तो बोटानं दाबून पाहिला आणि म्हणालो, "सैल झालीया. घट्ट मळून आण." ती आत गेली आणि पुन्हा मळून घेऊन आली. आज हे लिहिताना त्या पंचविशीतल्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आप्पांनी अभंग धरला. पहिल्याच ओळीत आवाज फाटला. ते थांबले, दम घेतला, पुन्हा धरला. तिथं ठेका नुसता चालू ठेवायचा होता, बास. मी त्या रिकाम्या जागेत दुप्पट लयीत बोल भरले. व्यापारी भिंतीला टेकून बसला होता, गालात पानाचा तोबरा. "हां! हां!" करत त्यानं मान डोलावली. मला चेव आला. आप्पा जिथं जिथं अडखळले तिथं तिथं मी घुसलो. खरं सांगायचं तर, ते कधी अडखळतात याची मी वाटच बघत होतो.

आप्पा वळून हळूच म्हणाले, "आवर रं जरा."

मला ऐकू आलं होतं. मी ऐकलं नाही.

शेवटी त्यांनी टाळ खाली ठेवले. गाणं थांबलं, मी थांबलो नाही. मान उडवत, दात दाखवत एकटाच सुटलो. शेवटची थाप मारून हात वर केला तेव्हा व्यापाऱ्यानं टाळ्या वाजवल्या, आणि त्याचं बघून आणखी पाचसात जणांनी.

आप्पांची मुलगी आतल्या दारात आली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "आप्पा," ती म्हणाली, "झालं असंल तर पानं मांडू?"

आप्पा उठून परसात गेले. आणि मी जेवलो! दोनदा खीर मागून घेतली. शेजारी व्यापारी भुरके मारत होता, मिशीला शेवया चिकटलेल्या. "तुमी निपाणीला यायचंच," तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

पौर्णिमेला गेलो. भजन त्याच्या वखारीत होतं. तंबाखूच्या खकाण्यानं घसा खवखवत होता, माणसं शिंकत होती. माझ्यासारखा आणखी एक पखवाजवाला बोलावलेला होता, त्याला आधी बसवलं. एक म्हातारा अभंग म्हणत होता आणि हा पठ्ठ्या व्यापाऱ्याकडे बघत, ओठ मुडपून हसत, म्हाताऱ्याच्या प्रत्येक शब्दावर बोटं नाचवत होता. उष्ट्या पत्रावळीवर माशा घोंगावाव्यात तशी ती बोटं. म्हाताऱ्याचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. व्यापारी पिंकदाणीत पचकन थुंकला आणि म्हणाला, "हां! हां!"

तेराव्याला मी असाच दिसलो असणार, हुबेहूब असाच. माझी पाळी आली तेव्हा बोट दुखतंय म्हणून खोटं सांगितलं आणि पखवाज उचलून बेळगावची मोटार धरली.

दुसऱ्या दिवशी आप्पांकडे गेलो. ते अंगणात तुटलेले धागे जोडत बसले होते.

"आप्पा, चुकलं माझं."

"वाजवतोस तू झ्याक," ते म्हणाले. हातातली गाठ पुरी केली. "पन मला तिच्यासाटनं गायचं हुतं रं."

"मग आज म्हना. मी नुसता ठेका धरतो."

"आता ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि पुढचा धागा हातात घेतला.

त्यानंतर ते देवळात यायचे, टाळ धरायचे, पण गायले नाहीत. दोन वर्षांनी गेले.

मी कंग्राळीला जाऊन बुवांना सगळं सांगितलं. ते रागावतील अशी आशा होती. त्यांनी मला गोठ्याच्या ओट्यावर बसवलं, पखवाज पुढ्यात सरकवला आणि स्वतःच एक अभंग धरला. दोन ओळी झाल्यावर मुद्दाम गप्प बसले. लई वेळ. मी ठेका सोडला नाही, पण माझी बोटं वळवळली. एवढं होऊनही वळवळली! स्वतःच्या हाताची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

बुवांनी डोळेही उघडले नाहीत. "वळवळत्यात न्हवं?" एवढंच विचारलं आणि पुढची ओळ उचलली.