तिकडचा दर, इकडचा दर

जोलीन टिब्बेट्स दर गुरुवारी अकरा वाजता दक्षिण अमेरिकेतल्या कुएंका शहरात मोठ्या चर्चसमोरच्या कॅफेत बसते. टेबल ठरलेलं, खुर्ची भिंतीला टेकलेली, समोर लाल काढ्याचा ग्लास आणि एक जाड वही. वहीत दोन रकाने: 'तिकडे', म्हणजे अमेरिकेत, आणि 'इकडे'. दाताचं मूळ साफ करणं: तिकडे चौदाशे, इकडे नव्वद. गुडघ्याचा एमआरआय: तिकडे अठ्ठावीसशे, इकडे एकशे नव्वद. दोन्हीकडे डॉलरच चालतो, त्यामुळे रूपांतराच्या भानगडीमागे लपायची सोय नाही. पावती दाखवली तरच नोंद होते, हा तिचा नियम. ऐकीव आकडे ती ऐकून घेते आणि काढा पिते.

शहरात पेन्शनवर राहायला आलेले अमेरिकन अंगात काही दुखू लागलं की आधी जोलीनकडे येतात, मग डॉक्टरकडे. ती सल्ल्याचे पैसे घेत नाही. तिचा स्वभाव परोपकारी आहे असा त्यावरून बऱ्याच जणांनी समज करून घेतला आहे. जोलीनने तो कधी खोडून काढला नाही.

खरी गोष्ट अशी की ती वही तिने एका माणसाला दाखवण्यासाठी सुरू केली होती, आणि तो माणूस इथे येईल अशी तिला काडीचीही आशा नव्हती.

इंडियानातल्या एका लहान गावात जोलीनचं कापडाचं आणि शिवणकामाच्या सामानाचं दुकान होतं. नवरा वेंडल शाळेची बस चालवायचा, अर्धवेळ, म्हणजे पगार अर्धा आणि विमा शून्य. विम्याचा हप्ता दुकानाच्या भाड्याच्या वर गेला तेव्हा त्यांनी तो वर्षभरासाठी थांबवला. त्याच वर्षी वेंडलच्या हृदयाने मान टाकली. ऑपरेशन झालं, बिल आलं: एक लाख चौऱ्याऐंशी हजार. गरजू रुग्णांचं बिल माफ करण्यासाठी इस्पितळाकडे सहा पानी अर्ज होता. वेंडलने तो अंथरुणात बसून स्वतःच्या हाताने भरला. बिलिंग खात्याचा प्रमुख रसेल प्रॉक्टर याने काचेपलीकडून तो एका बोटाने परत सरकवला. जोलीन तीनदा गेली. तिन्ही वेळा तेच बोट. पाच महिन्यांनी वेंडल गेला, बिल राहिलं. मग दुकान गेलं, घर गेलं, आणि विधवेच्या पेन्शनमध्ये जिथे दोन वेळचं नीट भागेल असं गाव जोलीनने नकाशावर शोधलं.

याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत ती स्पॅनिश शिकली, डुकराच्या भाजलेल्या मांसाचा कुठला ठेला खरा ते शिकली, आणि राग न विटता ठेवायचा कसा तेही शिकली.

मार्चमधल्या एका गुरुवारी बासष्ट-त्रेसष्टचा एक उंच माणूस काठी टेकत तिच्या टेबलापाशी आला.

"तुम्हीच ना त्या दरवाल्या बाई? मला सांगितलं, ऑपरेशन करायचं तर आधी तुमच्या दरबारी हजेरी लावायची."

"बसा," जोलीन म्हणाली. "काय बिघडलंय?"

"खुबा. बदलायचाय." तो कण्हत बसला. "गंमत ऐका. मी तिकडे एका इस्पितळाच्या बिलिंगचा प्रमुख होतो, एकवीस वर्षं. इस्पितळ मोठ्या कंपनीनं घेतलं आणि आम्हाला नारळ दिला. नोकरी गेली, विमा गेला. पासष्टीला मिळणाऱ्या सरकारी विम्याला अजून अडीच वर्षं आहेत आणि खुबा काही थांबायला तयार नाही. माझ्याच इस्पितळाला फोन केला, म्हटलं, दर तरी सांगा. म्हणे, फोनवर दर सांगत नाही. आणि तो नियम कुणी केलेला? मी!"

तो मनापासून हसला. मग वेटरने पुढे ठेवलेलं मेनूकार्ड त्याने न वाचता एका बोटाने परत सरकवलं.

जोलीनने ओळखलं होतंच. बोट पाहून फक्त शिक्कामोर्तब झालं.

"नाव काय लिहू?" तिने विचारलं.

"रसेल प्रॉक्टर."

"मी जोलीन टिब्बेट्स." तिने आडनाव सावकाश उच्चारलं, दुकानात कापड मापताना वार सोडायची तसं.

"वा. छान नाव आहे," प्रॉक्टर म्हणाला.

पुढचे कित्येक दिवस हे 'छान नाव आहे' जोलीनच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. इतकी वर्षं ज्याला रोज मनात उभा करून झाडलं, त्याच्या मनात आपण एक मिनिटही उभे नव्हतो. राग धरायचा तर निदान समोरच्याला खबर तरी हवी.

पण त्या दिवशी तिने काम चोख केलं. दोन कागद त्याच्यापुढे ठेवले. "हे डॉक्टर ऑर्दोन्येस. नदीकाठच्या क्लिनिकमध्ये ऑपरेशन करतात. थेट त्यांच्याकडे गेलात तर सगळं मिळून सात हजार आठशे. आणि हे ब्राइसचं आंतरराष्ट्रीय पॅकेज. ब्राइस आपल्यातलाच, टेक्सासचा. एकवीस हजार पाचशे. विमानतळावर गाडी, फळांची टोपली, स्वतंत्र खोली. डॉक्टर तेच, क्लिनिक तेच."

"सात हजार आठशेत आत काय घालतात? लाकूड?"

"तेच घालतात जे एकवीसमध्ये घालतात."

"बाई, मी जन्मभर दर लावलेत," प्रॉक्टर समजूत घालायच्या सुरात म्हणाला. "स्वस्त असतं ते कशामुळे तरी स्वस्त असतं."

ही चूक करणारा तो पहिला नव्हता. आकडा लहान दिसला की तिकडून आलेल्यांना घाम फुटतो. मोठा दिसला की जिवात जीव येतो. अशा तीसेक जणांशी जोलीन भांडली होती, पावत्या फेकल्या होत्या, एका निवृत्त पाद्र्याला तर दंडाला धरून क्लिनिकच्या दारापर्यंत नेलं होतं. प्रॉक्टरशी ती भांडली नाही.

"तुमची मर्जी," ती म्हणाली, आणि आयुष्यात प्रथमच कुणालातरी केवळ माहिती देऊन थांबली.

ऑपरेशन उत्तम झालं. त्याबद्दल जोलीनला शंका नव्हती आणि तक्रारही नव्हती. मेलेल्या माणसाला काही ऐकवता येत नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन वाजला.

"मिसेस टिब्बेट्स? अहो, इथे एक घोळ झालाय. निम्मे पैसे भरलेत, निम्मे सोडताना द्यायचे होते. बँकेनं कार्डच अडवलं. परदेश, मोठी रक्कम, म्हणून. सुरू करायचा नंबर माझ्या तिकडच्या फोनवर पाठवतात, तो इथे लागत नाही. सोमवारपर्यंत होईल म्हणतात. क्लिनिकवाले म्हणतात, तोवर इथला एखादा जामीन आणा, ओळखपत्र असलेला, सही केली की सोडतो."

"ब्राइस?"

"ब्राइस सुट्टीवर गेलाय. बेटं बघायला. मी इथे तुमच्याशिवाय कुणालाच ओळखत नाही हो."

"ओळखता ना?" जोलीन म्हणाली. "येते."

तिने कपाटातून हिरवी फाइल काढली, चांगला कोट घातला. जिन्यात घरमालकीण सोइला कुंड्यांना पाणी घालत होती.

"लग्नाला निघालीस की मयताला?"

"सही करायला. एका अमेरिकनाला जामीन राहायचंय."

"वेड लागलंय का तुला? माझ्या सख्ख्या दिराला जामीन राहिले होते, अजून त्याचा फ्रिज फेडतेय. कोण लागतो तो तुझा?"

"कुणी नाही. त्याचं माझ्याकडे काहीतरी राहिलंय."

सोइलाने झारी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "असं तोंड करून बायका सही करायला जात नाहीत, पोरी. कात्री वगैरे नेत नाहीयेस ना?"

"कागद नेतेय."

"मग ठीक. पण डोकं झाक, बाहेर पावसाचे शिंतोडे पडतायत."

पॅकेजमधली स्वतंत्र खोली म्हणजे एका खोलीत मधोमध ओढलेला पडदा निघाला. पलीकडच्या खाटेवर सेगुंदो, जन्मभर गवती टोप्या विणून निवृत्त झालेला म्हातारा. त्याचाही खुबाच, त्याच सकाळी, त्याच डॉक्टरांनी बदललेला. पडदा त्याने केव्हाच सरकवून टाकला होता.

"बाई, तुम्हाला यांची भाषा येते ना?" जोलीन बसते न बसते तोच तो म्हणाला. "चार दिवस झाले, विचारायचंय. यांना केवढ्याला पडलं?"

इथे हा प्रश्न कुणी मनात ठेवत नाही. जोलीनने आकडा सांगितला.

म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला. "एकवीस हजार! मला सात हजार आठशे. म्हणजे माझ्या पायात गंजकं लोखंड बसवलं की काय त्या ऑर्दोन्येसनं?"

"काय म्हणतोय तो?" प्रॉक्टरने विचारलं.

जोलीनने शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितला, आकड्यासकट. दर ठरवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दर उमटताना तिने प्रथमच पाहिला. तो पांढरा झाला, मग लाल.

"तुम्ही मला..."

"सांगितलं होतं. कागदावर."

"हो, पण... बरं, जाऊ द्या." त्याने क्लिनिकचा जामीनपत्राचा फॉर्म पुढे केला. "इथे सही. सोमवारी पै न् पै भरतो, शब्द देतो."

"करते ना. पण आधी माझा एक कागद वाचायचा. मोठ्यानं."

तिने हिरव्या फाइलीतून सहा पानं काढून त्याच्या पांघरुणावर ठेवली. कागद पिवळा पडला होता. वरच्या कोपऱ्यात त्याच्या इस्पितळाचं चिन्ह होतं. प्रॉक्टरने ते पाहिलं, आणि त्याचं बोट सवयीने कागदाकडे गेलं.

"सरकवू नकोस," जोलीन म्हणाली. "वाच."

या सुराने तो दचकला. त्याने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं: नाव, पत्ता, जन्मतारीख. दुसरं, तिसरं: उत्पन्न, जुनी गाडी एक, शिवणयंत्रं दोन. तो सपाट आवाजात वाचत होता, हजारो वेळा वाचलेलं वाचावं तसा. चौथ्या पानावर 'अर्जाचे कारण' असं होतं, आणि खाली वेंडलचं गोल, शाळकरी अक्षर.

"'मी एकोणीस वर्षे शाळेची बस चालवली,'" प्रॉक्टर वाचू लागला. "'दोनदाच उशीर झाला, दोन्ही वेळा बर्फ होते. मला सगळे बिल माफ नको. महिन्याला चाळीस डॉलर देईन, जिवंत असेतो देईन. माझ्यामागे बायकोच्या दुकानाला हात लावू नये, एवढीच...'"

त्याचं बोट समासावर येऊन टेकलं.

"समासात पेन्सिलनं लिहिलंय तेही वाच. अक्षर ओळखीचं असेल."

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "'या हप्त्याने तीनशे त्र्याऐंशी वर्षे.' पुढे... उद्गारचिन्हं आहेत."

"किती?"

"तीन."

"आणि खाली?"

"'नाकारला. दुकानात विकण्याजोगे कापड शिल्लक आहे.'" त्याने चष्मा काढला. "हे बघा, तेव्हा रोज चाळीस-पन्नास अर्ज यायचे. ऑफिसात आम्ही असं काहीतरी खरडायचो, हसायला. परत दिल्यावर कुणी घरचं माणूस समास वाचेल असं वाटलं नव्हतं. खरंच सांगतो, मला हे आठवत नाही."

"माहीत आहे," जोलीन म्हणाली. "म्हणून तर आले."

"मग आता काय हवंय? माफी मागू? मागतो. मंजूर म्हणून सही करू? कागदाला आता काही किंमत नाही, पण करतो."

"तुझी सही नको. ती मी पाहिली आहे."

दारातून नर्स डोकावली. म्हणाली, हिशेबाची खिडकी पाचला बंद होते, सही व्हायची असेल तर त्याआधी. नाहीतर साहेबांचा मुक्काम सोमवारपर्यंत, आणि खाटेचे दिवसाला एकशे ऐंशी. जोलीनने हेही भाषांतर करून सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. तिने पेन पर्समधून काढलं, टोपण न उघडता मांडीवर ठेवलं आणि खुर्ची खाटेजवळ ओढली.

"पुन्हा," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून. आणि जरा मोठ्यानं, सेगुंदोंना नीट ऐकू येत नाही."

"त्याला इंग्रजी कुठं येतं!"

"सूर कळतो त्यांना."

पलीकडे म्हातारा उशी सारखी करून कुशीवर वळला होता, उत्सुकतेने. प्रॉक्टरने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, नव्या खुब्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग चष्मा चढवला.

"अर्जदाराचे नाव," त्याने सुरुवात केली. "वेंडल आर्थर टिब्बेट्स."

"सावकाश," जोलीन म्हणाली.