बिनरेघेची सही

डेक्लन आयर्लंडचा, चोपन्न वर्षांचा, नाक डावीकडे सरकलेलं. सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या एका जिममध्ये तो मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. मधुवंतीची पंधरा वर्षांची जाई वर्षभर त्याच्याकडे जात होती, आणि मधुवंतीला तो पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. बँकेत संशयास्पद कागद हुडकणं हेच तिचं काम. घरी आलं म्हणून सवय सुटत नाही.

त्याची कारकीर्द तिनं नेटवर शोधून काढली होती. साठ व्यावसायिक लढती. त्यातल्या एक्केचाळीस हरलेला.

"हरायचेच पैसे घेत असणार," ती नवऱ्याला, शैलेंद्रला म्हणाली.

"शिकवणाऱ्यानं जिंकायलाच हवं असं कुठंय? तुझ्या गाण्याच्या बाई कधी रेडिओवर गायल्या?"

"बाईंनी कुणाचं नाक नाही फोडलं."

"आमचे कान फोडलेच की."

जाईनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. बोलणं शाळेतलं, सिंगापुरी ढंगाचं. "आई, प्रो होता तो, लाह! एकदाही नॉकआउट नाही झाला."

मंगळवारी डेक्लनचा फोन आला. जाईच्या शनिवारच्या लढतीबद्दल बोलायचंय, एकट्याच या, तिला सांगू नका. लढत? घरात तर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे हाच पोरीला फूस लावतोय. मधुवंती ऑफिसातून थेट जिममध्ये गेली.

त्यानं टेबलावर दोन कागद ठेवले. एक वर्षापूर्वीचा प्रवेशाचा अर्ज, दुसरं लढतीसाठीचं पालकांचं संमतिपत्र. दोन्हींवर तिची सही.

"यातली तुमची कुठली?"

अर्जावर देवनागरीत 'मधुवंती शैलेंद्र सबनीस', वर एक लांब रेघ. संमतिपत्रावर तेच नाव, वळणदार इंग्रजीत. आई मराठीतच सही करते हे जाईला पक्कं ठाऊक होतं. पण मराठी लिहिता येत नाही, तर करणार काय?

"मला तुमची लिपी येत नाही," डेक्लन म्हणाला. "पण सही लक्षात होती. खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घातल्यासारखी. या दुसरीत बांबूच नाही."

मधुवंतीच्या कानशिलांना चटका बसला. वर्षभर नजर ठेवली ती भलत्याच माणसावर. तरी तिनं विचारलंच, "गप्प बसला असतात तर तुमचं काम झालं असतं. फोन का केलात?"

"पंधराव्या वर्षी मीही आईची सही ठोकली होती. रक्तानं भरलेला शर्ट घालून घरी गेलो, तेव्हा तिला कळलं. पुढं ती माझ्या एकाही लढतीला आली नाही." "मी फरशा बसवायचो. शनिवारी ऐन वेळी लढतीचं बोलावणं आलं की जायचो, हरायचो. सोमवारी कामावर हजर व्हायचं, म्हणून पडायचं मात्र नाही. तेच जाईला शिकवलंय."

"हरायला?"

"मार चुकवायला."

खरंही असेल. मधुवंतीनं पुन्हा त्याच्या नाकाकडे पाहिलं. "मग हे?"

"हे पहिल्या लढतीचं. खोट्या सहीच्या."

त्यानं संमतिपत्राची कोरी प्रत पुढे सरकवली. "करा, नाहीतर फाडा."

मधुवंतीनं पेन काढलं. एकेक अक्षर सावकाश लिहिलं. वरची रेघ मारली नाही.

"बांबू?" डेक्लननं विचारलं.

"शनिवारी येईन. समोरची मुलगी केवढी आहे ते बघेन. मग मारेन."

दाराशी ती वळली. "आणि तुम्ही जाईला काही बोलू नका. आज जेवताना मीच सांगणार आहे तिला, बाई, जरा माझी सही करून दाखव. मराठीत."